परक्या ओसऱ्यांवरचे भोपळे

लॉरेटा सबोल भोपळा विकत घेत नाही. सप्टेंबर सरत आला की आमच्या गावातल्या प्रत्येक दुकानाबाहेर भोपळ्यांचे ढीग लागतात. लॉरेटा त्यांच्यावरून एक नजर फिरवते, किमतीची पाटी वाचते आणि नाकाने एक आवाज काढून पुढे जाते. तिचे भोपळे टेकडीपलीकडून, वेन्डेल क्राउसच्या शेतावरून येतात. एका बाजूने चपटे झालेले, चिखलात लोळून डागाळलेले, देठ मोडलेले भोपळे बाजारात जात नाहीत. वेन्डेल ते बांधावर टाकून देतो. लॉरेटा आपली जुनी पिकअप घेऊन जाते, वेन्डेलच्या बायकोच्या हातात घरी भाजलेला अक्रोडाचा गोड रोल ठेवते आणि गाडी भरून परत येते.

पुढचं काम सोपं आहे, पण ते क्रमानेच व्हायला हवं. आधी ब्लीचच्या पाण्याने पुसून घ्यायचं, म्हणजे भोपळा नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंत सडत नाही. चपटी बाजू भिंतीकडे करायची. देठ नसेल तिथे रानवेलीचा पिळदार तुकडा खोचायचा. खारींनी कुरतडू नये म्हणून लाल तिखटाचं पाणी शिंपडायचं, आणि ते शिंपडताना वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही. हे शेवटचं कलम तिची मैत्रीण बर्नी वोइचिक हिच्या डोळ्यांमुळे जोडलं गेलं.

शेवंतीच्या कुंड्याही ती विकत घेत नाही. नोव्हेंबरात दुकानवाले सुकलेल्या कुंड्या मागच्या दाराशी टाकतात. लॉरेटा त्या उचलते, परसात लावते, आणि पुढच्या वर्षी त्याच शेवंत्या तांबूस-पिवळ्या होऊन तिच्या पायऱ्यांवर येऊन बसतात. ओसरीच्या खांबांना मक्याची ताटं बांधायची ती वेन्डेलच्या शेताच्या कडेची, यंत्राच्या तोंडातून सुटलेली. बांधायला तरटाच्या पट्ट्या. दारावर रानवेलीचं गोल कडं, त्यात ओकची फळं आणि एखाद्या जुन्या फ्रॉकची फीत.

"सुंदर दिसतंय" असं कुणी म्हटलं तर लॉरेटाला फारसा आनंद होत नाही. "कितीला पडलं?" असं विचारलं की ती खुर्ची पुढे सरकवते.

तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली. टेकडीवरचा वळणांचा रस्ता, बर्फ, धुकं आणि मागे ओरडणारी पोरं. आज गावात पोटं सुटलेले जे पुरुष हिंडतात, त्यातल्या बऱ्याच जणांना तिने कधी ना कधी "खाली बस" म्हटलेलं आहे. नवरा अँडी काचेच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर तो दूरच्या गावी कामाला जाऊ लागला आणि काही वर्षांनी वारला. मुलगा टेक्सासमध्ये असतो, रविवारी फोन करतो. यात कुणी करुण कहाणी शोधायला गेलं तर लॉरेटा त्याला कॉफी देते आणि विषय बदलते.

तिचं घर लोकस्ट स्ट्रीटवर आहे. हा रस्ता नदीकडे उतरतो. कारखाना चालू होता तेव्हा इथली सगळी घरं भरलेली होती. आता एका दिव्याच्या घरानंतर दोन-तीन घरं अंधारी, असा प्रकार आहे. काही घरं वारसांनी सोडून दिलीत, काही बँकेकडे गेलीत, काही कुणा कंपनीने घेऊन तशीच ठेवलीत.

त्या वर्षी सप्टेंबरच्या बैठकीत गावच्या समितीने ठरवलं की हॅलोविनला मुलांनी सोंगं घेऊन दारोदार फिरायचं बंद. त्याऐवजी सगळ्यांनी बंबखान्याच्या, म्हणजे अग्निशमन केंद्राच्या, पटांगणात गाड्या लावायच्या, डिक्क्या उघडायच्या आणि डिकीतून चॉकलेटं वाटायची. आजूबाजूच्या गावांनी हे आधीच सुरू केलं होतं.

ही बातमी कळली तेव्हा लॉरेटाच्या परसात शेवंतीला कळ्या धरत होत्या. पुढच्या बैठकीला ती ग्रंथालयाच्या खोलीत पहिल्या रांगेत जाऊन बसली. समितीचा अध्यक्ष ड्वेन क्रीबल एकेकाळी तिच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा.

"मिसेस सबोल, तुमच्या रस्त्यावर अर्ध्याहून जास्त घरं बंद आहेत," ड्वेन म्हणाला. "अंधारातून पोरांना हिंडवायला आया तयार नाहीत. यात कुणाचा दोष नाही."

"दोष कोण म्हणतंय? पण डिकी उघडून चॉकलेट द्यायचं म्हणजे काय रे, पोरांचं टायर पंक्चर झालंय का?"

"पोरांना काय, चॉकलेटं मिळाली की झालं."

"असं? तुला सगळ्या गावाची मिळाली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या बसमध्ये ओकला होतास. पण दारं वाजवून मिळवलेली होती ती. तू कुणाकुणाच्या दारात काय काय बोललास, ते मला ओकता ओकता सांगत होतास."

खोलीतली माणसं हसली. ड्वेनही हसला, त्याचा स्वभाव मुळात वाईट नाही.

"बरं," तो म्हणाला. "रस्ता उजेडात दिसला तर बदलू. बंबखान्यातलं राहील, पण तुमच्या रस्त्यालाही परवानगी देऊ. ऑक्टोबरच्या मध्यावर मी स्वतः एक फेरी मारतो."

"मार. आणि गाडी हळू चालव. तुला सवय नाही."

घरी येताना बर्नी तिला म्हणाली, "अगं, तुझी ओसरी उजळलेलीच असते. बाकीच्यांचं काय करशील?"

"त्याही सजवायच्या."

"रिकाम्या घरांच्या?"

"ओसऱ्या रिकाम्या कुठे आहेत? नुसत्या धुवायच्या राहिल्यात."

पुढचे दोन आठवडे या दोघी म्हाताऱ्या लोकस्ट स्ट्रीटवर झाडू, बादल्या आणि पिकअप घेऊन दिसत होत्या. ज्या मालकांचे फोन मिळाले त्यांना लॉरेटाने विचारलं. फ्लोरिडातला एक वारस म्हणाला, "हवं ते करा, फक्त मला बिल पाठवू नका." ज्यांचे फोन मिळाले नाहीत त्यांना तिने मनातल्या मनात विचारलं आणि त्यांच्या वतीने होकार दिला. गावचा पोलीस एकदा गाडी थांबवून बघत राहिला. बर्नीने त्याच्या हातात झाडू दिला, तेव्हा तो घाईने निघून गेला.

एवढ्या ओसऱ्यांना पुरेल इतकं सामान वेन्डेलच्या बांधावर नव्हतं. मग लॉरेटाची नजर गावभर फिरू लागली. कुणाच्या परसात काय पडलंय, कुणाच्या तळघरात काय कुजतंय. एका चर्चने जुन्या नाटकातलं कुंपण दिलं. शाळेच्या मैदानावर मेपलची पानं गोळा करून ठेवली होती, ती तिने पोती भरून आणली आणि ओसऱ्यांच्या कोपऱ्यांत पसरली. बर्नीने नवऱ्याचे, स्टॅनचे, जुने शर्ट आणि पँट आणल्या, त्यांत पेंढा भरून बुजगावणी केली आणि बाकांवर बसवली.

"हा तर हुबेहूब स्टॅन दिसतोय," लॉरेटा म्हणाली.

"स्टॅनपेक्षा बरा आहे. हा टीव्हीचा रिमोट मागत नाही."

दिव्यांचा प्रश्न राहिला. रिकाम्या घरांत वीज नव्हती. बागेत खोचायचे उन्हावर चालणारे दिवे लोक दरवर्षी मोडले म्हणून टाकून देतात. बहुतेकांचा फक्त आतला सेल संपलेला असतो. लॉरेटाने ते गावभरातून जमवले, सेल बदलले, मुरंब्याच्या बरण्यांत उभे केले आणि बरण्यांना आतून नारिंगी पातळ कागद लावला. संध्याकाळी त्या बरण्या आपोआप पेटू लागल्या. लोकस्ट स्ट्रीटवर कित्येक वर्षांत इतके दिवे एकाच वेळी लागलेले नव्हते.

ड्वेन आला, बायकोला घेऊन आला, आणि खरंच हळू आला. त्याने काच खाली केली. बायको बाहेर बघत होती. तिचं माहेर याच रस्त्यावर, खालून तिसरं घर. आता ते बँकेच्या ताब्यात होतं आणि त्याच्या ओसरीवर स्टॅनचा शर्ट घातलेलं बुजगावणं बसलं होतं.

"आमच्या आईने कधी एवढं केलं नव्हतं," ती म्हणाली.

"तुझ्या आईने चार पोरं वाढवली, तिला कुठे वेळ होता?" लॉरेटा म्हणाली.

ड्वेनने दोन्ही बाजूंचे दिवे बघितले. मग म्हणाला, "ठीक आहे, मिसेस सबोल. तुमच्या रस्त्याला परवानगी."

त्या संध्याकाळी लॉरेटाच्या स्वयंपाकघरात दोघी कॉफी प्यायला बसल्या. लॉरेटाने अक्रोडाचा रोल कापला. ती खुशीत होती. तुकडे नेहमीपेक्षा जाड पडत होते.

बर्नी एकाएकी म्हणाली, "लॉरेटा, दार कोण उघडणार?"

"कुठलं दार?"

"सगळीच. ओसरीत दिवा आहे म्हणजे घरात माणूस आहे. आपल्या पोरांना बाकी काही येवो न येवो, एवढं येतं. अंधार असेल तर पुढे जायचं, उजेड असेल तर दार वाजवायचं. पोरं येतील, पायऱ्या चढतील, दार वाजवतील. आत कोण आहे?"

लॉरेटाच्या हातातली सुरी थांबली. ती आयुष्यभर या गावात राहिली होती. स्वतःच्या दारात दरवर्षी वाडगा घेऊन उभी राहिली होती. पण गेले दोन आठवडे ती ओसऱ्यांकडे ड्वेनच्या डोळ्यांनी बघत होती, गाडीच्या काचेतून बघावं तशी. पायऱ्या चढून वर येणाऱ्या पोराच्या डोळ्यांनी तिने एकदाही बघितलं नव्हतं.

"बरण्या काढून टाकू," बर्नी म्हणाली.

"काढल्या तर रस्ता अंधारात. ड्वेन म्हणेल, तुम्ही फसवलंत."

"ठेवल्या तर पोरं म्हणतील. तीन बंद दारं वाजवली की पोर चौथं वाजवत नाही. बंबखान्याकडे वळतं. आणि मग पुढल्या वर्षी कोण येणार इकडे?"

"मी सगळीकडे धावेन."

"तुझे गुडघे?"

लॉरेटाने गुडघ्यांकडे असं पाहिलं, जणू ते कुणा दुसऱ्याचे होते आणि त्यांनी आधी कळवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवरच्या वृद्धांच्या इमारतीत गेली. लोकस्ट स्ट्रीटवर राहिलेली बरीच माणसं आता तिथे राहतात. लिफ्ट आहे, जिने नाहीत, खोलीत हवा बारा महिने सारखीच असते. ती सगळ्यात आधी क्लॅरेन्स मेप्सकडे गेली, कारण तो हो म्हणाला तर बाकीचे हो म्हणतील, असा तिचा अंदाज होता. क्लॅरेन्सने आपलं घर एका कंपनीला विकलं होतं. कंपनीने ते अजून उघडूनही बघितलेलं नव्हतं.

"ते घर माझं नाही," क्लॅरेन्स म्हणाला. तो खिडकीशी बसून कोडं सोडवत होता.

"घर कुणाचं आहे ते मी विचारलं का? ओसरीत बसशील का, एवढंच विचारलं."

"थंडी असेल."

"कोट विकलास की काय घराबरोबर?"

"आणि कुणी विचारलं, तू इथे काय करतोयस, तर?"

"पोरं विचारणार नाहीत. तू चॉकलेट दे, ती म्हणतील थँक्यू, संपलं."

"मी चॉकलेट देत नाही. दात किडतात. मी पेन्सिली देतो."

"माहीत आहे बाबा. अर्धं गाव तुला अजून पेन्सिलवाला म्हणतं."

"पेन्सिल उपयोगाची असते."

"म्हणून तर पोरं तुझ्या कुंपणावर अंडी फेकायची."

क्लॅरेन्सने कोड्यातला एक शब्द लिहिला, खोडला. "मागच्या पायरीची फळी सैल आहे," तो म्हणाला. "ती कुणी ठोकली का?"

"नाही."

"मग मला लवकर यावं लागेल."

तो हो म्हणतोय हे कळायला लॉरेटाला थोडा वेळ लागला.

एकतीस ऑक्टोबरला वृद्धांच्या इमारतीची व्हॅन लोकस्ट स्ट्रीटवर येऊन थांबली आणि त्यातून घडीच्या खुर्च्या, घोंगड्या, थर्मास आणि म्हातारी माणसं उतरली. काही जण आपापल्या जुन्या ओसरीत गेले. काहींची घरं पाडली गेली होती, ते जवळच्या दुसऱ्या ओसरीत बसले आणि शेजाऱ्याबद्दल जुन्या तक्रारी करू लागले. क्लॅरेन्स दुपारीच हातोडी घेऊन आला होता. लॉरेटाच्या घरासमोरच्या ओसरीत एक बुजगावणं होतं तिथे बर्नी बसली, आणि त्याच्या मांडीवर तिने चॉकलेटांचा वाडगा ठेवला. "आज तरी काम कर," ती त्याला म्हणाली.

सहाला बंबखान्याचा भोंगा वाजला. आमच्याकडे हॅलोविन भोंग्याने सुरू होतं आणि भोंग्यानेच संपतं.

रस्त्यावर कुणीच आलं नाही.

लॉरेटा आपल्या पायरीवर उभी होती. वरच्या टोकाला बंबखान्याचा उजेड दिसत होता, गाण्याचा आवाज येत होता, तिथे पोरांची गर्दी असणार हे उघड होतं. क्लॅरेन्सने वरच्या पहिल्या ओसरीतून ओरडून विचारलं, "वेळ बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग?"

"मग बस की गप!"

ती पायरीवरून उतरली, पुन्हा चढली. एक शेवंती वळवली, परत होती तशी केली. बर्नीने वाडग्यातलं एक चॉकलेट सोलून खाल्लं आणि बुजगावण्याकडे बोट दाखवलं. कुणी हसलं नाही.

मग वरच्या वळणावर एक छोटी चेटकीण दिसली. तिच्यामागे पत्र्याचा माणूस, एक डायनासोर, आणि बाबागाडीत झोपलेली एक मधमाशी. सोबत एक आई होती, फोन हातात घेऊन ती दोन्ही बाजूंच्या बरण्यांचे फोटो काढत होती. चेटकिणीने पहिल्या घराकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि पायऱ्या चढली. दारापर्यंत पोचायच्या आत क्लॅरेन्स खुर्चीतून म्हणाला, "वाजव. न वाजवता मिळणार नाही."

तिने दार वाजवलं. क्लॅरेन्स उठला, रिकाम्या घराच्या दारासमोर जाऊन उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "कोण आहे?"

पंधरा-वीस मिनिटांनी रस्ता भरला. बंबखान्यावर डिक्क्यांची फेरी लवकर संपत होती. पोरं एका रांगेतून जायची, पिशवी भरायची आणि मग काय करायचं म्हणून आजूबाजूला बघायची. खाली उजेड दिसत होता. आयांना तिथे ओळखीचे चेहरे दिसले, बापांना आपल्या लहानपणीची घरं दिसली. एका दाढीवाल्या बापाने क्लॅरेन्सला बघितलं आणि पोराला म्हणाला, "हाच तो पेन्सिलवाला." पोराने पेन्सिल घेतली आणि तिचा तलवारीसारखा उपयोग करायला सुरुवात केली.

लॉरेटाचा वाडगा साडेसातच्या आत रिकामा झाला. तिने गेल्या काही वर्षांच्या हिशेबाने चॉकलेटं आणली होती, आणि गेल्या काही वर्षांत तिच्या दारात फार तर शेजारची पोरं येत. समोर बर्नीचाही वाडगा पालथा पडला होता. रस्त्यावरून अजून पोरं येत होती आणि दोघींचे दिवे लागलेले होते.

ती स्वयंपाकघरात गेली. तिथे उरलेला अर्धा अक्रोडाचा रोल आणि एक लसणाचा गड्डा होता. ती बाहेर आली. पायरीवर अंतराळवीर उभा होता, पिशवी उघडून.

लॉरेटाने कठड्यावरचा मुठीएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा शोभेचा भोपळा उचलला आणि पिशवीत टाकला.

अंतराळवीराने पिशवीत डोकं घातलं. "ही भाजी आहे."

"भाजी नाही, भोपळा आहे. खायचा नाही."

"मग काय करायचं?"

"तुझा आहे. तूच ठरव."

तो विचारात पडला, मग आपल्या बहिणीला दाखवायला धावला. बहिणीला लगेच दोन हवे होते. त्यानंतर पोरं चॉकलेट मागेनाशीच झाली. कुणाला डागाचा हवा होता, कुणाला सगळ्यात वाकडा. एका मुलीला रंगीत मक्याचं कणीस मिळालं. एका डायनासोरने दारावरचं वेलीचं कडं गळ्यात घालून बघितलं आणि काढायला नकार दिला, त्याच्या आईने क्षमा मागितली आणि लॉरेटा म्हणाली, "राहू दे, त्याला शोभतंय, माझ्या दाराला कधी शोभलं नाही." वेन्डेलचे मोठे चपटे भोपळे बापांच्या काखेतून गेले. शेवंत्या आयांनी नेल्या. समोर बर्नीने बुजगावण्याची टोपी देऊन टाकली, मग हातमोजे, आणि शेवटी एका वीस वर्षांच्या पोराने विनंती केली म्हणून स्टॅनचा शर्टही.

"स्टॅनला सांगू नकोस," ती रस्त्यापलीकडून ओरडली.

"शर्ट गेला हे दिसायला आधी त्याने टीव्हीवरून नजर काढायला पाहिजे!" लॉरेटा म्हणाली.

आठला भोंगा वाजला. पोरं पांगली. लॉरेटाने आपल्या ओसरीवरचा दिवा बंद केला आणि आत न जाता खुर्चीवर बसली. खांबांना मक्याची ताटं राहिली होती, तीही एकाच बाजूची. दुसऱ्या बाजूची कुणीतरी गाडीच्या टपावर बांधून नेली होती. पायऱ्यांवर माती सांडली होती. नोव्हेंबरातल्या सणाला या ओसरीवर काही असणार नव्हतं, आणि वेन्डेलच्या बांधावरही आता काही उरलेलं नव्हतं.

ड्वेन चालत आला. त्याच्या अंगावर बंबवाल्यांचं जॅकेट होतं आणि हातात रिकामा खोका. त्याने ओसरी बघितली.

"मिसेस सबोल, हे काय झालं? चोरी?"

"दिलं सगळं. चॉकलेटं संपली."

"आमच्याकडे पेटीभर उरलीत. सांगायचं ना, पाठवली असती."

लॉरेटाने त्याच्याकडे बघितलं. बसमध्ये आरशातून बघायची तसं. "पुढच्या वर्षी आधीच पाठव," ती म्हणाली. "भरपूर पाठव. आणि बसायला माणसं लागतील. तू आणि तुझी बायको खालून तिसऱ्या घराच्या ओसरीत. तिच्या आईच्या."

"आणि बंबखाना?"

"बंबखान्यात टायर बदला."

रस्त्याच्या मध्यावर इमारतीची व्हॅन येऊन उभी होती. चालक खिडकीतून हॉर्न देत होता. कुणीच उठलं नव्हतं. घोंगड्या गुंडाळलेली माणसं एका ओसरीतून दुसऱ्या ओसरीत ओरडून बोलत होती, कोणाकडे किती पोरं आली यावरून त्यांचं भांडण जुंपलं होतं, आणि क्लॅरेन्स मेप्स चालकाला सांगत होता की त्याच्या पेन्सिली अजून संपलेल्या नाहीत, तेव्हा पाच मिनिटं थांब.